बैठकीची खोली: आहे त्यातून शोभा



सुगी उरकली आणि लग्नसराई तोंडावर आली की घरोघरी एकच बोलणे सुरू होते. पाहुणे येणार, तेव्हा सोप्यात सोफासेट हवा. मग तालुक्याहून हप्त्याने सेट येतो. दहा बाय बाराच्या खोलीत तो शिरला की चालायला वाट राहत नाही. उन्हाळ्यात रेक्झीन अंगाला चिकटते, फोमात उंदीर घर करतात आणि गुडघे दुखणारे म्हातारे माणूस त्यात एकदा बसले की त्याला हात देऊन उठवावे लागते. हप्ते मात्र पुढच्या पिकावर चालूच असतात.

खोलीची जुळणी म्हणजे सगळे सामान एका दुकानातले असणे नव्हे. एक रंग धरावा आणि तो खोलीत तीन-चार ठिकाणी दिसावा. समजा, तांबडा धरला. भिंतीला चुन्यात थोडी पिवडी कालवून फिका हात द्यावा आणि खाली हातभर गेरूचा पट्टा ओढावा. बाकावर काळे घोंगडे, त्यावर तांबड्या खणाच्या दोन उशा. ट्रंकेत जुने इरकली लुगडे असेल तर त्याचे धड राहिलेले काठ काढून खिडकीच्या पांढऱ्या पडद्याला शिवावेत. कोनाड्यात चिंचेने घासलेला तांब्याचा हंडा ठेवावा. बास झाले. कॅलेंडर एकच असू द्या. काही घरांत आम्ही पाच-पाच मोजली आहेत!

मातीच्या भिंतीला ऑइलपेंट लावू नका. ओल आत कोंडते आणि पोपडे सुटतात. चुन्यातून ती बाहेर पडते.

बाक गावच्या सुताराकडूनच करून घ्यावा. लाकूड सागाचे परवडत नसेल तर कडुनिंबाचे चालते, पण ते चांगले वाळलेले हवे. ओले लाकूड पुढे पीळ खाते. बसण्याची उंची सुमारे दीड फूट धरावी. बाक भिंतीला टेकवू नये, चार बोटे जागा सोडावी, म्हणजे वाळवीचा मातीचा माग वेळेवर नजरेला पडतो.

हे सगळे करण्याआधी सोप्यातून एक गोष्ट बाहेर काढा. फवारणीचा पंप, औषधाच्या बाटल्या आणि औषध चोळलेले बियाणे पुष्कळ घरांत बाकाखालीच सरकवलेले असते. तिथेच पोरे खेळतात. या वस्तू राहत्या घराबाहेर, कुलपात ठेवाव्यात.

आता बसायचे कोणी, हे पाहू. आम्ही घरी आलो की मालक खुर्चीत आणि मालकीणबाई माजघराच्या दाराआड उभ्या. खुरपणी, वेचणी, बियाणे राखणे त्यांच्या हातचे. तणाचा किंवा किडीचा प्रश्न विचारला तर नेमके उत्तर दाराआडून येते. म्हणून मांडणी करताना माजघराच्या दारालगत, चूल नजरेत राहील अशा जागी, त्यांच्यासाठी पाठीची एक खुर्ची ठेवावी. उशी त्याच तांबड्या खणाची. आणि त्या खुर्चीवर टॉवेल, सदरे टाकायचे नाहीत, हे घरातल्या पुरुषमंडळींना आजच सांगून ठेवा.