जुजुत्सूचे सर आणि बडोद्याचे माणिकराव

माझी भाची दर शनिवारी जुजुत्सूच्या वर्गाला जाते. परवा जेवताना तिने मला विचारलं, "मामा, आमचें अशें कांय नाशिल्लें?"

अशा वेळी आपल्याकडे एक तयार उत्तर असतं. सगळं इथूनच गेलं! बोधिधर्म चीनला गेला, तिथून जपानला... झालं. मला हे उत्तर अजिबात आवडत नाही. त्याला धड पुरावा नाही, आणि ते देऊन टाकलं की आपल्या खऱ्या माणसांची आठवण काढायची गरजच उरत नाही.

म्हणून मी तिला प्रो. माणिकरावांची गोष्ट सांगितली. गजानन यशवंत ताम्हणे हे त्यांचं नाव, पण त्या नावाने त्यांना कोण ओळखणार? बडोद्यात जुम्मादादा नावाच्या मुसलमान वस्तादांचा आखाडा होता. माणिकराव त्यांचे पट्टशिष्य. कुस्ती, मल्लखांब, लाठी हे तर होतंच. पण त्यांची खरी ख्याती बिनोट या विद्येची. समोरच्याच्या हातात सुरी किंवा काठी आहे, आपण रिकाम्या हाती आहोत, तर वार चुकवायचा कसा, मनगट पकडून हत्यार सोडवायचं कसं... म्हणजे जुजुत्सूचं आणि हिचं चुलतनातं म्हणा ना. ज्याला सांधा निखळवता येतो त्याला तो बसवताही आला पाहिजे. माणिकराव हाडं बसवण्यातही तितकेच नावाजलेले होते.

गुरूच्या पश्चात आखाडा त्यांनी चालवला, आणि त्याला स्वतःचं नाव दिलं नाही. जुम्मादादा व्यायाममंदिर हेच नाव ठेवलं. मला या माणसाबद्दल सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही. ताम्हण्यांच्या मुलाने मुसलमान वस्तादाचं नाव जन्मभर मिरवलं, आणि तेही त्या काळात. आज दोन्हीकडच्या किती जणांना हे रुचेल, सांगवत नाही.

लोणावळ्याला 1924 मध्ये कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद 1907 ते 1910 या काळात याच माणिकरावांकडे शिकले. सयाजीरावांनी त्यांना 'राजरत्न' केलं. बडोद्याहूनच द. चिं. मुजुमदारांचा दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश निघाला. माणिकराव 1954 मध्ये गेले.

मग चुकलं कुठे? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. जपानात जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये जुन्या जुजुत्सूतले धोक्याचे डाव बाजूला काढले, शिकवायचा क्रम लावला, पुढे पट्टे आले, आणि मुख्य म्हणजे शिक्षक तयार करून जगभर धाडले. त्यांचा शिष्य माएदा ब्राझीलला पोहोचला. आपल्या ओळखीच्या पोर्तुगीज भाषेत ही विद्या तिथे इतकी रुजली की आज जग तिला ब्राझीलचीच म्हणतं. टागोरांनी 1929 मध्ये ताकागाकींना शांतिनिकेतनात बोलावलं ते त्याच परंपरेतून. आपण काय केलं? वस्तादाला हार घातला, पदवी दिली, कोश छापला आणि कोश कपाटात ठेवला. डाव पुस्तकातून येत नाही हो! तो एका अंगातून दुसऱ्या अंगात जातो, पडून, आपटून, मार खाऊन. त्यासाठी गावोगावी, पगारावर, आठवड्याला ठरलेल्या वेळी शिकवणारा माणूस लागतो. तो आपण उभा केला नाही. परकीय सत्तेकडे बोट दाखवायचं तर बडोदा हे मराठी संस्थान होतं, आणि महाराजा व्यायामाचा भोक्ता. तेव्हा ती सबब इथे चालायची नाही.

असो. भाचीने सगळं ऐकून घेतलं. जुम्मादादा तिला फार आवडले. मग म्हणाली, "बिनोटीचा क्लास म्हापशात कुठे आहे?"

शनिवारी मीच तिला जुजुत्सूला सोडून आलो.