उतार कुणी ठरवला?

‘पाणी उताराकडं वाहतं.’ आमच्या गावच्या ग्रामसेवकाचं हे ठरलेलं उत्तर. गावची गटार आमच्याच वस्तीच्या तोंडाशी येऊन का थांबते असं विचारलं, की हा गृहस्थ आम्हाला भूगोल शिकवतो. दोस्तांनो, याला इतिहास शिकवायची पाळी आलीय.

पांढरीवर गाव, सखलात आम्ही. आमच्यावरनं गेलेला वारा अंगाला लागू नये म्हणून कितीएक गावांत आम्हाला उगवतीला टाकलं. ही वाटणी पाण्यानं केली? माणसानं केली, हिशेबानं केली. आता त्याच हिशेबाला नकाशात ‘नैसर्गिक उतार’ म्हणतात. २०२० च्या डिसेंबरात सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. आमच्याकडं समतानगरची पाटी लागली. पाटीखालून वाहते ती गटार जुनीच.

आणि आता ती फुगलीय. २०१९ ला जलजीवन मिशन आलं. घरोघर नळ, माणशी रोज ५५ लिटर. नळ पाहिजेच, त्याला कोण नाही म्हणतो! पण २००० वस्तीच्या गावाचं गणित करा. रोज १ लाख १० हजार लिटर, त्यातलं बहुतेक मोरीतून बाहेर. नळाचं उद्घाटन करायला पुढारी हार घालून येतो. गटारीच्या शेवटच्या टोकाशी फोटो काढायला कुणी आलेला मी तरी बघितला नाही.

पैसा नाही म्हणतील. थाप आहे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात ५००० पर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत धरले होते. म्हणजे २००० माणसांचे ५ लाख ६० हजार. त्यातनं काय करतात? सिमेंटची गटार. अरे, ही काय प्रक्रिया झाली? ही घाण आमच्याकडं लवकर पोचवायची सोय झाली.

प्रक्रिया साधी असते, वीजसुद्धा लागत नाही. ज्याचं पाणी त्याच्या परसात जिरवायचं. शोषखड्डा खणा, मधे भोकं पाडलेली टाकी बसवा, भोवती दगड-विटांचे तुकडे भरा, फक्त विहिरीपासून लांब ठेवा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं हे घरोघर करून गटारी बुजवल्या. काळ्या चिकण मातीत पाणी जिरत नाही, खरंय. तिथं स्थिरीकरण तळी लागतात. एकात गाळ बसतो, पुढच्यात ऊन, शेवाळ आणि जिवाणू काम करतात. पण ते तळं कुठं खणायचं म्हणाल तर बोट पुन्हा आमच्याकडं. नाहीतर आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या कसतात त्या गायरानाकडं.

१९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यावर सवर्णांनी १०८ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलं, मंत्र म्हटले आणि परत तळ्यात ओतलं. ही यांची जलशुद्धी! माणूस शिवला की पाणी बाटतं, शेण पडलं की शुद्ध. असल्या डोक्यांना आमच्या पोरांच्या पायाखालचं मोरीचं पाणी कशाला दिसेल?

नुसतं मोरीचं नाही. वरच्या आळीत संडासाच्या टाकीचा पाइप सरळ गटारीत सोडलाय. तुंबली की सांगावा आमच्याकडं, खोरं-घमेलं घेऊन या. २०१३ च्या कायद्यानं हातानं मैला उपसायला लावणं गुन्हा आहे, आणि मैला सोडलेली उघडी गटारही त्यात येते. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना २०१४ ला सुप्रीम कोर्टानं १० लाख सांगितले, २०२३ ला ३० लाख केले. मेल्यावर ३० लाख, जिवंतपणी गमबूट नाही. आमच्या पोरांनी आता खोरं उचलायचं बंद केलंय. गटार आठवडाभर तुंबली, तेव्हा वरच्या आळीला पहिल्यांदा स्वतःचा वास आला.

शहरात खोली करून राहिलेल्या पोरांनो, पुढच्या ग्रामसभेला गावाकडं जा. जाताना गवंडी वापरतो ती पाण्याची पारदर्शक नळी न्या. आम्ही नेली. चावडीपासून दोन्ही बाजूंची पातळी मोजली, तर बागायतदाराच्या मळ्याकडची बाजू आमच्या वस्तीपेक्षा वीतभर खाली निघाली. वीतभर! म्हणजे इतकी वर्षं जास्त उताराची बाजू सोडून पाणी आमच्या दारात ओतत होते. हे आकडे ग्रामसभेच्या नोंदवहीत लिहायला लावलेत. तुमच्या गावची मोजा आणि लिहायला लावा. खोऱ्याला मात्र हात लावू नका.