रंगाचा डबा नंतर, आधी माळवद

पारनेर तालुक्यातल्या पळशीचा होळकरांच्या दिवाणांचा वाडा लाकडी कोरीवकामासाठी नावाजलेला आहे. तेवढा थाट नसला, तरी सागवानी खांब, तुळया आणि कोरीव चौकटी असलेली जुनी घरे नगर जिल्ह्यात अजून बरीच आहेत. लग्नकार्य जवळ आले की या लाकडाला झळाळी आणायचे ठरते. गाड्या धुण्याच्या मशीनने फवारा मारायचा आणि वर ऑइल पेंटचे दोन हात द्यायचे. जुन्या लाकडाची हानी या हौसेतूनच होते. धूळ लाकडाला खात नाही. आत अडकलेली ओल खाते.

लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या आत असेल, तर ते कुजवणारी बुरशी वाढत नाही. वाळवीलाही ओल लागते. खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करण्याची जुनी रीत त्यामुळेच शहाणपणाची ठरते. जोराच्या फवाऱ्याने पाणी सांध्यांत शिरते, नक्षीच्या कडाही उडतात. त्यावर रंगाचा थर चढला की शिरलेल्या पाण्याची वाट बंद होते. तळखड्याभोवती सिमेंट थापले की खालूनही तेच होते. त्यापेक्षा मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, चिकट मळ सौम्य साबणाच्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावा आणि लाकूड पूर्ण वाळू द्यावे. मग उन्हाळ्यात डबल बॉइल्ड जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा, न मुरलेले तेल पुसून घ्यावे. तेलाची फडकी मात्र गोळा करून टाकू नयेत, ती आपोआप पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवावीत.

यावर कोणी म्हणेल, अकोले तालुक्याचा डोंगरपट्टा सोडला तर आपल्याकडे पाऊसच किती! पण माळवदाची माती पाणी धरून ठेवते आणि ते भिंतीत रुतलेल्या तुळईच्या टोकांपर्यंत झिरपते. तिथे ऊन-वारा पोचत नाही, म्हणून थोडा पाऊसही पुरतो. सागाला वाळवी लागत नाही, हा दुसरा भरवसा. तो आतल्या पक्क्या लाकडापुरता खरा. बाहेरचा पांढरट भाग वाळवी खाते. रंग लाकडाला जपतो, हेही खोटे नाही, पण कोरड्या, नव्या लाकडाला, सर्व बाजूंनी लावला तर. भिंतीत अर्ध्या गाडलेल्या तुळईला तसा लावताच येत नाही. उन्हाने आलेला करडेपणा वरवरचा असतो. उघड्यावरच्या लाकडाचा पृष्ठभाग शंभर वर्षांत मोजके मिलिमीटरच झिजतो.

तेव्हा यंदा रंगासाठी काढलेले पैसे आधी माळवदाची पांढरी माती आणि पन्हळी यांवर खर्चावेत. मृगाच्या आधी तुळईच्या टोकांत दाभण खुपसून पाहावे. सहज आत गेले, तर रंगारी नव्हे, सुतार बोलवावा.