काँक्रीट वाळत नाही!

उन्हाळा लागला की अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांतही परसदारी पॅटिओ घालायचे बेत सुरू होतात. कंत्राटदाराने सांगितलेला आकडा ऐकला की पुढचा प्रश्न ठरलेला: "हे आपणच का करू नये?" माझं मत विचाराल तर जरूर करा. मात्र सिमेंटच्या पिशव्या आणण्याआधी पाण्याचा हिशोब समजून घ्या. घरगुती काँक्रीट बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यापायी.

पहिली गोष्ट म्हणजे काँक्रीट 'वाळून' कडक होत नाही. सिमेंटमधली कॅल्शियम सिलिकेट्स पाण्याशी संयोग पावतात आणि त्यातून तयार होणारं कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट वाळू-खडीला धरून ठेवतं. या क्रियेला सिमेंटच्या वजनाच्या सुमारे ४० टक्के पाणी पुरतं. त्याहून जास्त घातलेलं पाणी पुढे निघून जातं आणि मागे पोकळ्या ठेवतं. शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमधल्या डफ एब्रम्स यांनी १९१८ मध्ये असंख्य चाचण्यांवरून हेच दाखवलं: पाणी आणि सिमेंट यांचं गुणोत्तर वाढलं की ताकद घटते.

म्हणूनच माल घट्ट वाटला तरी होजपाइपकडे हात नेऊ नका. ८० पौंडी तयार पिशवीला जेमतेम तीन लिटर पाणी लागतं. नेमकं प्रमाण पिशवीवर छापलेलं असतं, ते मापूनच घाला. माल ओतल्यावर पृष्ठभागावर पाणी सुटतं. ते जाईपर्यंत थापी फिरवू नका आणि ते शोषायला वरून कोरडं सिमेंटही भुरभुरू नका. तसं केल्यास वरचा थर कमजोर होतो आणि त्याचे पापुद्रे निघतात.

आता उलटी बाजू. एकदा पृष्ठभाग पक्का झाला, की याच काँक्रीटला पाणी हवं असतं. गावाकडे स्लॅब पडल्यावर त्यावर मातीचे वाफे करून पाणी साठवलेलं, खांबांना ओली गोणपाटं गुंडाळलेली तुम्ही पाहिली असतील. ते 'पाणी मारणं' म्हणजे शुद्ध रसायनशास्त्र आहे. इथेही किमान सात दिवस पॅटिओ ओला ठेवा किंवा प्लास्टिकने झाका. टेक्सास-ॲरिझोनाच्या कोरड्या उन्हात तर हे टाळूच नका.

मिशिगन-मिनेसोटात वेगळी अडचण येते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावतं आणि काँक्रीट आतून फोडतं. तिथे सूक्ष्म हवेचे बुडबुडे असलेलं 'एअर-एंट्रेन्ड' काँक्रीटच मागवा. ते बुडबुडे गोठणाऱ्या पाण्याला जागा देतात. पावसाचं पाणी तळघरात शिरू नये म्हणून घरापासून दूर, फुटाला पाव इंच उतार ठेवा. खाली चार इंच खडी दाबून बसवा.

भेगा पडणारच, कारण काँक्रीट आकसतं. त्या कुठे पडाव्यात एवढं आपण ठरवू शकतो. चार इंची थराला आठ-दहा फुटांवर एक इंच खोल खाच दिली, की भेग सहसा त्या खाचेतच जाते.

शेवटी आपल्या ताकदीचा हिशोब. १० बाय १२ फुटांच्या, ४ इंच जाड पॅटिओला ४० घनफूट माल लागतो. एका ८० पौंडी पिशवीतून ०.६ घनफूट निघतो, म्हणजे ६७ पिशव्या, सुमारे २४०० किलो! एवढं एका दिवसात हाताने कालवायला गेलात तर शेवटचा माल पडेपर्यंत पहिला घट्ट झालेला असेल. दमलेला माणूस मग काम सोपं व्हावं म्हणून पाणी वाढवतो. त्यापेक्षा मधे फळी लावून दोन भाग करा, दोन शनिवार-रविवार घ्या आणि मिक्सर भाड्याने आणा. एकदमच करायचं असेल तर दीड घनयार्डाचा ट्रक मागवा. कमी मालासाठी जादा शुल्क पडेल, पण तेही परवडेल.

खणण्याआधी काही दिवस ८११ वर फोन करा. गॅस आणि विजेच्या सार्वजनिक लाइन्स फुकट आखून देतात. शहराची आणि एचओएची परवानगी तपासा. ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं आणि त्वचा भाजते, त्यामुळे रबरी बूट आणि हातमोजे हवेतच. कोरडी पिशवी फोडताना मास्क लावा.

यूट्यूबवरचा दहा मिनिटांचा व्हिडिओ थापी कशी धरायची ते छान शिकवतो. पण त्यात नंतरचे सात दिवस नसतात, आणि तुमचा पॅटिओ वीस वर्षं टिकणार की दोन, ते बरंचसं त्याच दिवसांत ठरतं. सुट्टीचं नियोजन करताना तेही धरा.