देशाचे गाणे किती भाषांत गावे?

दिवाळी अंक वाचकांच्या प्रेमावर चालतो, पण निघतो तो जाहिरातींच्या आधारावर. त्यामुळे जाहिराती देशाविषयी आणि भाषांविषयी काय सांगतात, याचा विचार या पानावर व्हायलाच हवा. २ फेब्रुवारी २०१४ रोजी अमेरिकेतल्या 'सुपर बोल' सामन्यादरम्यान कोका-कोलाने मिनिटभराची एक जाहिरात दाखवली. 'अमेरिका द ब्यूटिफुल' हे तिथले लाडके देशगीत इंग्रजीत सुरू झाले आणि ओळीगणिक भाषा बदलत गेली : स्पॅनिश, तागालोग, हिंदी, हिब्रू, सेनेगलमधली फ्रेंच आणि न्यू मेक्सिकोतल्या प्वेब्लो आदिवासींची केरेस. पडद्यावर घोड्यावरचा काउबॉय होता, हिजाब घातलेल्या मुलीही होत्या. चाल मात्र कुठेही तुटली नाही. तरीही समाजमाध्यमांवर संतापाची लाट उसळली. अमेरिकेचे गाणे अमेरिकेच्याच भाषेत हवे, असे लोक बजावू लागले.

या आक्षेपामागची भावना खोटी नाही. एवढ्या मोठ्या देशाला बांधून ठेवणारी एक समाईक भाषा लागते, असे अनेकांना मनापासून वाटते. पण ही जाहिरात समाईक भाषा नाकारत नव्हती. गाणे सुरू झाले तेच इंग्रजीत. शिवाय इंग्रजी त्या भूमीवर पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून केरेस तिथे बोलली जाते. तिला परकी ठरवायचे, तर देशी कोणाला म्हणायचे? कॅथरिन ली बेट्स यांनी १८९३ मध्ये लिहिलेल्या त्या कवितेत आकाश, शेते आणि डोंगर यांचे कौतुक आहे. त्या डोंगरांवर जीव जडायला अमुकच भाषा यावी लागते, असे नाही. ज्याला जी भाषा जवळची, तीत तो देशावरचे प्रेम अधिक खरेपणाने बोलतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : कंपनीला माल खपवायचा आहे, देशप्रेमाशी तिला काय देणेघेणे? हेतू नफ्याचाच, हे मान्यच करायला हवे. म्हणूनच बाजारावर विसंबून राहता येत नाही. कोका-कोलाने ती जाहिरात मागे घेतली नाही, २०१७ मध्ये पुन्हा दाखवली. आपल्याकडे मात्र ऑक्टोबर २०२०मध्ये, ऐन सणांच्या तोंडावर, मुस्लिम घरात हिंदू सुनेचे डोहाळजेवण दाखवणारी जाहिरात तनिष्कने कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचे कारण देऊन मागे घेतली. चिडलेली माणसे कंपनीला लगेच कळवतात. ज्यांना जाहिरात आवडते ते मनात ठेवतात आणि गप्प बसतात. विविधता पडद्यावर टिकावी असे वाटत असेल, तर आवडणाऱ्यांनीही तितक्याच ठामपणे बोलले पाहिजे.

मराठी माणसाला हा प्रश्न परका नाही. सर्व दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात, असा कायदा आपण २०२२ मध्ये केला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. जाहिरातीने आपल्याशी हिंदीवरून शब्दशः उतरवलेल्या मराठीत नव्हे, तर घरात बोलतो त्या मराठीत बोलावे, ही मागणी रास्तच आहे. मात्र जो न्याय आपण मागतो, तोच गोंडी, कोरकू, भिली बोलणाऱ्यांना द्यायला हवा. मेळघाटातल्या माणसाला त्याच्या कोरकूत साद घालणारी जाहिरात निघाली, तर महाराष्ट्राचे काही उणे होणार नाही. उलट, हे राज्य आपलेही आहे, याची खात्री त्याला पटेल. मराठीचा अभिमान इतरांच्या भाषांना जागा देऊन वाढतो, या विश्वासाने हा अंक आपल्या हाती देत आहोत. वाचक, लेखक आणि जाहिरातदार, सर्वांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!