नरकासुराचा चेहरा

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यात वाड्यावाड्यांवर नरकासुर उभे राहतात. बांबूचा सांगाडा, आत कोंबलेले गवत, वर रंगीत कागद आणि पहाटे दहन. लहानथोर मिळून हा राक्षस घडवतात. परंतु मुखवटा मात्र पुष्कळदा बाजारातून तयार येतो, आणि ही बाब आम्हाला किरकोळ वाटत नाही. वटारलेले डोळे, बाहेर आलेले सुळे ही दुसऱ्या कोणाची तरी भीती असते. ज्या मुलाला घरातल्या चढ्या आवाजाचे भय वाटते, त्याच्या असुराला कदाचित डोळे नसतीलच. नुसते तोंड असेल.

शाळांनी दिवाळीपूर्वी मुलांना जुनी वर्तमानपत्रे, खळ आणि रंग द्यावेत. पुढ्यात नमुना ठेवू नये. मग आपापल्या असुराचे मनोगत लिहायला सांगावे: तो कुठे राहतो, काय खातो, कोणाला भितो. तात्पर्य मागू नये, गुणही देऊ नयेत. असा असुर ओबडधोबड होईल, स्पर्धेत बक्षीसही मिळवणार नाही. पण पहाटे तो जळेल तेव्हा मुलाच्या मनातलेही काही हलके होईल.