जोहान्सबर्गमध्ये कोटभराची इलेक्ट्रिक गाडी घ्यायची, तर आधी छताकडे बघा

मंडळी, आपलं पेज वाचणारे काही जण दक्षिण आफ्रिकेत नोकरीला आहेत. त्यातल्या एकाचा मेसेज आला: "दादा, दोन गाड्यांवर अडकलोय. बीएमडब्ल्यू आयएक्स घेऊ की ऑडी क्यू८ ई-ट्रॉन? इथे सगळे आपापल्या गाडीचं कौतुक करतात. तुम्ही सांगा."

माझ्या दारात बारा वर्षांची मोटारसायकल उभी असते हे त्याला चांगलं ठाऊक आहे. तरी विचारलं. उत्तर लिहायला बसलो तर गाडी राहिली बाजूला आणि वीज, कर, खड्डे हेच पुढे यायला लागलं. म्हणून त्याला एकट्याला न पाठवता इथेच टाकतोय. लांबलंय थोडं, सवडीने वाचा.

आधी एक गोष्ट. 'आफ्रिकेत कोणती इलेक्ट्रिक गाडी चांगली' या प्रश्नाला उत्तरच नाही. चोपन्न देश आहेत तिथे. इथिओपियाने जानेवारी २०२४ मध्ये पेट्रोल-डिझेलच्या खाजगी गाड्यांची आयातच बंद केली. तिथली वीज धरणांवरची, तेल मात्र डॉलर मोजून आणायचं, म्हणून हा निर्णय. आता अदिस अबाबात चीनहून आलेल्या इलेक्ट्रिक गाड्या दिसतात, त्यातल्या अनेकांचा चार्जिंगचा प्लगसुद्धा चिनी पद्धतीचा. केनियात नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज भूगर्भातली वाफ, पाणी, वारा आणि सूर्य यांच्यापासून होते. आणि दक्षिण आफ्रिकेत? ऐंशी टक्क्यांहून जास्त वीज कोळशाची. तीन देश, तीन तऱ्हा. विचारणारा जोहान्सबर्गचा आहे, म्हणून बोलतोय ते तिथलंच.

या दोन्ही गाड्यांच्या मोठ्या बॅटरीच्या मॉडेलची नवीन किंमत तिथे २० लाख रँडच्या आसपास, किंवा त्याच्याही वर. एक रँड म्हणजे ढोबळ पाच रुपये धरा. म्हणजे आपले कोटभर रुपये. कोटभर रुपये देऊन माणूस गाडी घरी आणतो आणि संध्याकाळी लाइट जाते.

लोडशेडिंग हा शब्द आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. भारनियमनाच्या वेळापत्रकाची कात्रणं फ्रिजवर चिकटवलेली पिढी आहे आपली. तिकडेही शब्द तोच, लोडशेडिंग. एस्कॉम ही तिथली सरकारी वीज कंपनी. २०२३ मध्ये वर्षातले तीनशेहून जास्त दिवस तिथे कधी ना कधी वीज कापली गेली. मार्च २०२४ च्या अखेरीपासून दहा महिने सुखाचे गेले, लोकांना वाटलं सुटलो. ३१ जानेवारी २०२५ ला परत वीज गेली. आणि एक बारीक गोष्ट, जी श्रीमंत वस्तीतल्या माणसाला कळतही नाही. 'लोडशेडिंग बंद' असं जाहीर असतानाही जिथे ट्रान्सफॉर्मरवर भार जास्त, तिथे सकाळ-संध्याकाळ वीज कापतात. त्याला नाव वेगळं, 'लोड रिडक्शन'. या वस्त्या बहुतेक गरिबांच्याच. अंधार तोच, फक्त वेळापत्रकावरचा मथळा बदलला.

या सगळ्यात ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी काय केलं? छतावर सोलर बसवलं, भिंतीवर बॅटरी टांगली. सरकारनेही २०२३ च्या मार्चपासून एक वर्ष पॅनलच्या खर्चावर पंचवीस टक्के, जास्तीत जास्त १५ हजार रँड, करसवलत दिली. बघता बघता देशभरातलं छतांवरचं सोलर पाच हजार मेगावॉटच्या वर गेलं. म्हणून माझं त्या मित्राला पहिलं सांगणं हे की, शोरूमला जाण्याआधी जिना चढून छतावर जा.

हिशोब सोपा आहे. या दोन्ही गाड्यांची (आयएक्सची २०२५ च्या सुधारणेआधीची) वापरता येणारी बॅटरी १०५-१०६ युनिटची. घरी ११ किलोवॉटच्या चार्जरवर पूर्ण भरायला साडेनऊ-दहा तास. छतावर आठ किलोवॉटचं सोलर असेल तर जोहान्सबर्गच्या स्वच्छ उन्हात दिवसाला चाळीसेक युनिट पडतील. म्हणजे सगळं ऊन गाडीलाच पाजलं, तरी रिकामी बॅटरी भरायला अडीच दिवस. पण रोज रिकामी करतोय कोण? ऑफिसला जाऊन-येऊन ५० किलोमीटर धरले तर दहा-अकरा युनिट. तेवढं दुपारच्या उन्हात सहज होतं, फक्त गाडी दुपारी घरी हवी, नाहीतर ऑफिसच्या पार्किंगला चार्जर हवा. हे दोन्ही नसेल तर गाडी रात्री एस्कॉमच्या विजेवर भरणार, म्हणजे कोळशावर. मग धूर आपल्या सायलेन्सरमधून नाही, दूर औष्णिक केंद्राच्या चिमणीतून निघतो एवढाच फरक. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत असशील आणि सोसायटी चार्जर लावू देत नसेल, तर माझं उत्तर दोन्हीपैकी एकही नको.

आता गाड्या.

कागदावर आयएक्सचं २०२५ च्या सुधारणेआधीचं मोठं मॉडेल एका चार्जवर ६३० किलोमीटरपर्यंत जातं, ऑडी ५८० च्या आसपास. हे आकडे युरोपातल्या चाचणीचे. हायवेवर १२० च्या वेगाने एसी लावून निघालं की शंभर किलोमीटरला २३-२४ युनिट जातात असं धरून चाला. म्हणजे साडेचारशे किलोमीटर, तेही शेवटच्या टक्क्यापर्यंत. आणि शेवटच्या टक्क्यापर्यंत कुणी शहाणा माणूस चालवत नाही.

तिकडचा नेहमीचा लांबचा प्रवास म्हणजे जोहान्सबर्ग ते दरबान, एन-३ ने साधारण ५७० किलोमीटर. जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून साडेसतराशे मीटर उंचीवर, दरबान थेट समुद्रकाठी. मध्ये व्हान रीननचा घाट. जाताना उतार, गाडी ब्रेक लावता लावता थोडी वीज परत बॅटरीत घालते, छान वाटतं. येताना मात्र माणसांसकट अडीच-पावणेतीन टनाचं धूड साडेसतराशे मीटर वर चढवायचं. नुसत्या त्या चढाईला बारा-तेरा युनिट जादा लागतात, म्हणजे पन्नासेक किलोमीटर रेंज घाटाने खाल्ली. हा आकडा कुठल्याही माहितीपत्रकात नसतो. मुंबईहून लोणावळ्याला चढणाऱ्याला तो न सांगता कळेल. तात्पर्य, हॅरिस्मिथला थांबा घ्यायचाच, जातानाही आणि येतानाही.

तिथे थांबल्यावर काय? ऑडी म्हणते दहा ते ऐंशी टक्के ३१ मिनिटांत, बीएमडब्ल्यू म्हणते ३५ मिनिटांत. यावर दोन्हीकडचे लोक तावातावाने भांडतात. पण हे दीडशे-दोनशे किलोवॉटच्या चार्जरवर. तिथल्या महामार्गांवर पहिली साखळी २०१८ च्या सुमारास जॅग्वार आणि ग्रिडकार्स यांनी उभी केली, पुढे ऑडीने रुबिकॉन कंपनीबरोबर भर घातली. त्यातले बरेच चार्जर ५०-६० किलोवॉटचे. साठच्या चार्जरवर दोन्ही गाड्यांना सव्वा तास लागणार. चार मिनिटांच्या फरकावरून भांडणं म्हणजे बसच येणार नाही अशा स्टँडवर खिडकीच्या सीटसाठी रुमाल टाकणं. बरं, तिथे एक चांगलं कामही झालंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये एन-१२ वर वोल्मारान्सस्टाडला निव्वळ सोलरवर चालणारं, एस्कॉमच्या तारेला जोडलेलंच नसलेलं चार्जिंग स्टेशन सुरू झालं. मला विचाराल तर त्या देशातली सगळ्यात महत्त्वाची 'इलेक्ट्रिक गाडीची' बातमी ती होती, कुठल्या मॉडेलचं लाँचिंग नव्हे.

खड्ड्यांचं काय सांगू. जोहान्सबर्गमध्ये २०२१ पासून विमा कंपन्यांनी पालिकेबरोबर खड्डे बुजवायचं पथक चालवलं. क्लेम देण्यापेक्षा खड्डा बुजवणं स्वस्त, असा साधा हिशोब. (आपल्या नगरपालिकेने वाचावं.) अशा रस्त्यावर २१-२२ इंची चाकं आणि पातळ टायर म्हणजे हौस आहे. इथे ऑडी मला जास्त शहाणी वाटते. एअर सस्पेन्शन, कच्च्या रस्त्यावर बॉडी उचलून घ्यायची सोय, आणि आत बसल्यावर शांत. बीएमडब्ल्यू घेतलीच तर लहान चाकं मागून घे, शोरूमवाला नाक मुरडेल, मुरडू दे.

पण ओढायच्या बाबतीत उलटं. तिकडे सुट्टीला गाडीमागे कॅराव्हॅन नाहीतर बोट लावून निघायची पद्धत आहे. आयएक्स २,५०० किलो ओढते, ऑडी १,८००. अर्थात मागे एवढं वजन लावलं की रेंज निम्म्यावर येते, हे दोघींनाही लागू.

माझं मत ज्या गोष्टीवर फिरलं ती वेगळीच आहे. ऑडी क्यू८ ई-ट्रॉन ब्रुसेल्सच्या कारखान्यात बनायची. तो कारखाना २८ फेब्रुवारी २०२५ ला कायमचा बंद झाला, तीनेक हजार कामगार होते. आपल्याकडे शेंद्र्यात ऑडीच्या गाड्या जोडल्या जातात, आपल्या भागातली कितीतरी पोरं तिथे कामाला आहेत, त्यामुळे कारखाना बंद होणं म्हणजे काय हे इथे वेगळं सांगत नाही. ही गाडी मात्र शेंद्र्याची नव्हे, भारतातही ती बाहेरून तयारच यायची. आता ती बनतच नाही. नवी म्हणून मिळाली तरी ती शिल्लक साठ्यातली. सुटे भाग लगेच संपतील असं नाही. पण ज्या देशात मुळात अशा गाड्याच हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या, तिथे बंद झालेल्या मॉडेलला पाच वर्षांनी गिऱ्हाईक शोधणं अवघड. बीएमडब्ल्यूने आयएक्समध्ये जानेवारी २०२५ ला सुधारणा केल्या, ती अजून चालू मॉडेल आहे. म्हणून नवी घ्यायची तर बीएमडब्ल्यू. स्पष्ट सांगितलं.

हाताच्या बोटावर म्हणालो, ते किती? २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सव्वापाच लाखांच्या आतबाहेर नव्या गाड्या विकल्या गेल्या. त्यात निव्वळ बॅटरीवरच्या साडेबाराशेच्या आसपास. आपल्याकडे दिवाळीच्या आठवड्यात एखाद्या जिल्ह्यात याहून जास्त इलेक्ट्रिक स्कूटर जात असतील.

याचं कारण नुसती वीज नाही. युरोपातून येणाऱ्या पेट्रोल-डिझेल गाडीवर तिथे १८ टक्के आयात शुल्क आणि इलेक्ट्रिक गाडीवर २५ टक्के. उलटं वाचलं नाहीत तुम्ही, तसंच आहे. युरोपबरोबरच्या व्यापार करारात इंजिनच्या गाड्यांना सवलत मिळाली, इलेक्ट्रिक राहून गेल्या, आणि वर्षानुवर्षं तशाच राहिल्या. त्यावर महागड्या वस्तूंवरचा वेगळा कर, वर १५ टक्के व्हॅट. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने इलेक्ट्रिक वाहनांची श्वेतपत्रिका काढली. त्यानंतर गाड्या बनवणाऱ्यांना मार्च २०२६ पासून गुंतवणुकीवर दीडशे टक्के वजावट जाहीर झाली. घेणाऱ्याला काय? काही नाही. खुद्द बीएमडब्ल्यूचा प्रिटोरियाजवळ रॉसलिनला १९७३ पासूनचा कारखाना आहे. तिथे आता प्लग लावून चार्ज होणारी हायब्रिड एक्स-३ बनते आणि मुख्यतः परदेशात जाते. आयएक्स येते जर्मनीहून, २५ टक्के भरून.

यावर तिथल्या गाडीवाल्यांची मागणी असते की शुल्क सरसकट कमी करा. मला ते पटत नाही. कोटभराची गाडी घेणाऱ्याला सात टक्के सोडले तर त्याच्या छतावरचं सोलर आणखी मोठं होईल, बाकी काय. शुल्क आधी लहान इलेक्ट्रिक गाड्यांवरचं कमी करा, आणि मिनीबस टॅक्सीवरचं. सार्वजनिक वाहनाने कामाला जाणारी बहुतेक जनता तिथे सोळा सीटच्या टॅक्सीतून जाते. तिला विजेवर आणलं तर धूर कमी होईल, तेलाचा खर्च वाचेल, आणि ज्यांच्या घरी लोड रिडक्शन होतं त्यांच्या पदरात निदान काहीतरी पडेल.

आपण फार पुढे आहोत असंही समजू नका. आपल्याकडे इलेक्ट्रिकवर पाच टक्के जीएसटी, ते चांगलंच. पण मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के कर लावायचं ठरलं, आणि त्याच महिन्यात तो मागे घेतला. वर समृद्धीवर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी. समृद्धीवरून कोटीची गाडी फुकट जाणार आणि खालून आपली लालपरी धूर सोडत जाणार. मला तेव्हाही हे पटलं नव्हतं, आजही नाही.

असो. त्या मित्रासाठी शेवटचं. बजेट कमी करायचं असेल तर दोन-तीन वर्षं वापरलेली ऑडी बघायला हरकत नाही. बंद मॉडेल असल्याने भाव पाडून मागता येईल, आणि पुढे विकायचीच नाही अशा बेताने घेतली तर खड्ड्यांवर ती तुला जास्त सुख देईल. फक्त बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची असते, ती किती उरली आहे ते कागदावर बघ, बॅटरीच्या क्षमतेचा रिपोर्ट कंपनीच्या वर्कशॉपमधूनच काढून घे, आणि चारही चाकांच्या रिम आतल्या बाजूने हात फिरवून तपास.